सौ. अंजू बॉबी जॉर्ज हिची उडी



मुलगी मोठी झाली की तिने उड्या मारू नयेत, अशी आपल्याकडे घरोघरी ताकीद असे. पण ही ताकीद केवळ आपल्याच घरांतली नव्हे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची लांब उडी आणि तिहेरी उडी १८९६ साली सुरू झाली. बायकांच्या वाट्याला लांब उडी १९४८ साली आली. तिहेरी उडी यावयास १९९६ साल उजाडले. म्हणजे पुरी शंभर वर्षे! या दोन्ही उड्यांत आपल्या देशाचे नाव काढणाऱ्या केरळच्या सौ. अंजू बॉबी जॉर्ज हिची हकिगत सर्वांना ठाऊक असावी, म्हणून हे चार शब्द.

अंजूचा जन्म १९७७ सालचा. मैदानाची गोडी तिला वडिलांनीच लावली. १९९९ साली बंगळूरला तिने तिहेरी उडीत राष्ट्रीय विक्रम केला. या उडीत धावत येऊन आधी लंगडी, मग ढांग आणि शेवटी झेप घ्यावयाची असते. लहानपणी लंगडी खेळलेल्या आपल्याला हे समजावयास कठीण नाही. २००१ साली पंजाबात झालेल्या राष्ट्रीय खेळांत तिने दोन्ही उड्यांत सुवर्णपदक मिळविले.

तिचे पती बॉबी जॉर्ज हे स्वतः तिहेरी उडीचे राष्ट्रीय विजेते. १९९८ पासून त्यांनी पूर्ण वेळ अंजूला शिकविण्याचे पत्करले. नवऱ्यासाठी बायकोने आपली हौस बाजूला ठेवावी, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. येथे पतीने पत्नीच्या उडीसाठी कंबर कसली. मला ही गोष्ट पदकाहून मोलाची वाटते.

२००३ साली पॅरिसच्या जागतिक मैदानी स्पर्धेत अंजूने ६.७० मीटर उडी मारून कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत पदक मिळविणारी ती पहिली भारतीय. तिच्या आधी पुरुषांतही कोणाला ते साधले नव्हते. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने ६.८३ मीटर उडी मारली. म्हणजे २२ फूट ५ इंच! चाळीतल्या दहा फुटी दोन खोल्या एका झेपेत ओलांडून वर आणखी दोन फूट. तेथे पदक हुकले. २००५ साली मोनॅकोच्या स्पर्धेत ती दुसरी आली. पण पहिली आलेली रशियन बाई उत्तेजक औषधे घेतल्याबद्दल दोषी ठरली आणि २०१४ साली ते सुवर्ण अंजूला मिळाले. नऊ वर्षांनी का होईना, सचोटीला न्याय मिळाला. आपण हे सारे एकाच मूत्रपिंडावर केले, हे तिने २०२० साली सांगितले तेव्हा लोक थक्क झाले.

पुढे अंजू व बॉबी यांनी बंगळूरला झाशीच्या शैली सिंगला शिकविले. शैलीला तिच्या आईने शिवणकाम करून एकटीने वाढविले. त्याच शैलीने २०२१ साली नैरोबीला, २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत, लांब उडीचे रौप्यपदक मिळविले.

शिवणयंत्र तर आपल्याही कितीतरी घरांत चालते. कॉटन ग्रीनला जागेची अडचण आहे, हे कोण नाकारील? तरी हळदीकुंकू आणि पाककृतींच्या जोडीला मंडळाने वर्षातून एकदा मुलींच्या धावण्या-उडण्याच्या शर्यती भरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. आणि तोवर घरात मुलगी उडी मारू लागली, तर निदान तिला रागावू नये.