हिरवे स्टिकर : एक तळटीप

मजकुरातील ‘हिरवे स्टिकर’ म्हणजे नाणे खरे असल्याचा दाखला, असा समज करून घेऊ नये. अमेरिकेत नाण्याचा खरेखोटेपणा पारखणे, १ ते ७० या शेल्डन श्रेणीत त्याचा दर्जा ठरवणे आणि ते प्लास्टिकच्या डबीत बंद करणे हे काम मुख्यतः पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) या कंपन्या करतात. पण एकच आकडा मिळालेली दोन नाणी सारखी नसतात. एमएस-६५ (चलनात न वापरलेल्या नाण्याचा एक दर्जा) चे एक नाणे त्या दर्जात जेमतेम बसते, दुसरे भक्कम असते, आणि किंमत याच फरकावर हलते. जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सुरू केलेली सीएसी ही कंपनी डबी न उघडता हाच फरक तपासते. हिरवे स्टिकर म्हणजे दर्जा भक्कम. दुर्मीळ सोनेरी स्टिकर म्हणजे दर्जा कमीच लावला गेला. डबीवरचा आकडा मात्र तोच राहतो.

यावर आक्षेप असा, की सीएसी स्टिकर लावलेली नाणी स्वतः विकतही घेते, मग ती त्रयस्थ कशी? आक्षेप वजनदार आहे. तरीही स्वतःच्या मतावर पैसे लावणाऱ्याला ढिलाई महाग पडते, म्हणून ते मत मी गंभीरपणे घेतो, मत म्हणूनच. स्टिकर नसणे हा मात्र दोषाचा पुरावा नव्हे. ते नाणे नाकारले गेले असेल, किंवा कधी पाठवलेच नसेल. नुसत्या डबीवरून हे कळत नाही.