पाचशेचा आकडा

फॉर्म भरून 'सबमिट' दाबलं की पांढऱ्या पानावर '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. सर्व्हर एवढंच म्हणतो की माझ्याकडे काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय, ते सांगत नाही.

सुरुवातीला वेब सर्व्हर फक्त तयार पानं वाढायचा. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात सीजीआय ही पद्धत आली. फॉर्म आला की सर्व्हर एक वेगळा प्रोग्रॅम सुरू करणार, त्याला माहिती देणार आणि उत्तराची वाट पाहणार. उत्तरात आधी मजकुराचा प्रकार, मग एक कोरी ओळ, मग मजकूर. ती कोरी ओळ राहिली की ५००!

१९९५ मध्ये कोलोरॅडोतल्या मॅट राइट या शाळकरी मुलाने 'फॉर्ममेल' ही पर्ल स्क्रिप्ट फुकट वाटली. फॉर्ममधली माहिती ती ईमेलने पाठवायची. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्यांनीही ती उतरवली, दोन ओळी बदलल्या, एफटीपीने सर्व्हरवर चढवली. आणि समोर ५००. खरं कारण एरर लॉगमध्ये असायचं, पण स्वस्त होस्टिंगवर तो लॉग बघायची सोय अनेकदा नसायचीच.

कधी फाइलला चालवायची परवानगी, म्हणजे ७५५, दिलेली नसायची. कधी पहिल्या ओळीतला पर्लचा पत्ता चुकलेला असायचा. माझं आवडतं कारण मात्र तिसरं आहे. टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन कामं असत: छपाईचा भाग डावीकडे परत न्यायचा आणि कागद वर सरकवायचा. दोन कामांसाठी दोन चिन्हं. विंडोजने दोन्ही ठेवली, युनिक्सने एकच. नोटपॅडमध्ये बदललेली फाइल बायनरी मोडने चढवली की पहिल्या ओळीच्या शेवटी ते जास्तीचं चिन्ह चिकटून जायचं. मग 'पर्ल' अधिक एक अदृश्य अक्षर अशा नावाचा प्रोग्रॅम शोधला जायचा, जो जगात कुठेच नव्हता. डोळ्यांना फाइल अगदी बरोबर! उपाय एवढाच की आस्की मोडने पुन्हा चढवा. (डॉकरच्या जमान्यातही हे भूत मला भेटलंय. फाइल विंडोजवरून आली होती, हे वेगळं सांगायला नको.)

एकदाचा ५०० गेला, मेल आला की लोक सुटकेचा श्वास सोडायचे. खरी भानगड तिथेच होती. मेल कोणाला जायचा, तो पत्ता फॉर्मच्याच एका लपलेल्या रकान्यात असायचा. म्हणजे तो बाहेरचा कुणीही बदलू शकत होता. फॉर्म कुठल्या साइटवरून आला हे स्क्रिप्ट तपासायची, पण ती माहितीही पाठवणाराच द्यायचा. चोरालाच 'तू कोण' विचारण्यातला प्रकार. स्पॅमवाले अशा स्क्रिप्ट हुडकत फिरू लागले आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून टपाल सोडू लागले. एररचं नाव नाही, कारण स्क्रिप्ट सांगितलेलं काम चोख करत होती.

लंडनच्या पर्ल प्रोग्रॅमर मंडळींनी मग 'एनएमएस' प्रकल्पात तीच स्क्रिप्ट नव्याने लिहिली. राइटने स्वतःच्या साइटवरूनही लोकांना तिकडे वळवलं, हे मला फार आवडतं. नव्या स्क्रिप्टमध्ये कुठल्या पत्त्यांवर मेल जाऊ शकतो, याची यादी सर्व्हरवरच ठेवायची. फॉर्म तोच, स्क्रिप्टचं नावही तेच. जुनी फाइल काढायची, नवी चढवायची. आस्की मोडने.