सिल्वासा परिसरात गाडीतच मुक्काम : फोर बाय फोर घेण्याआधी काय पाहावं

पाऊस ओसरला की वापी, सिल्वासा, तलासरी, जव्हार या पट्ट्यातून शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्या गाड्या वाढतात. दुधनीचा जलाशय, खानवेलच्या टेकड्या, जव्हारजवळचा दाभोसा धबधबा, धरमपूरकडचं विल्सन हिल, नारगोल-उंबरगावचे किनारे, सगळं दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहे. हॉटेल शोधत बसण्यापेक्षा गाडीतच पाठ टेकावी, असं म्हणणारेही आता कमी नाहीत. मग प्रश्न येतो गाडीचा. शोरूममधली चर्चा इंजिनाची ताकद आणि फोर बाय फोरच्या बिल्ल्याभोवतीच फिरते. प्रत्यक्षात या भागात फजिती होते ती दोन कारणांनी. एकतर आत सहा फूट सपाट जागा निघत नाही, नाहीतर गाडी नको तिथे उभी केलेली असते.

चारही चाकांना ताकद, पण दोन प्रकारची

ऑल व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. मारुतीची ग्रँड विटारा ऑलग्रिप, टोयोटाची हायरायडर किंवा महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची ऑल व्हील ड्राइव्ह डिझेल ऑटोमॅटिक या पहिल्या प्रकारातल्या. पुढचं चाक घसरू लागलं की यंत्रणा आपोआप मागच्या चाकांकडे ताकद वळवते. चालकाला फारसं काही करावं लागत नाही. ओला घाट, गवताळ माळ, शेताकडे जाणारी कच्ची वाट एवढ्यासाठी हे पुरतं. पण या गाड्यांत 'लो रेंज' नसते.

जिम्नी, थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ एन, फोर्स गुरखा, फॉर्च्युनर, इसुझू व्ही-क्रॉस यांच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत ती असते. लो रेंज म्हणजे जादा गिअर. तो टाकला की गाडी मुंगीच्या पावलाने चालते, पण दगडगोट्यांचा खडा चढ इंजिन न गुदमरता चढते आणि उतारावर ब्रेक न जाळता उतरते. गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक आहे. एक चाक हवेत लटकलं तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहते. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं, हे बुकिंगआधी लक्षात असावं.

या दुसऱ्या प्रकारातल्या बहुतेक गाड्या 'पार्ट टाइम' असतात. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळणं घेतली तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अंतरातला फरक कुठेच सुटत नाही. तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. नवी गाडी घेतल्यावर हौसेने हायवेवर लीव्हर ओढणारे पुढे गॅरेजवाल्याचं भलं करतात.

आता थोडं स्पष्ट बोलायचं तर, सिल्वासा ते खानवेल आणि पुढे दुधनीपर्यंत डांबरी रस्ता आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रोज माणसं आणि माल नेणाऱ्या बोलेरोंना ताकद मागच्या दोनच चाकांना असते. त्या अडत नाहीत, कारण जमिनीपासून उंची चांगली आणि चालवणाऱ्याला वाट पाठ. वर्षातून चार-सहा वेळा, तेही हिवाळ्यात जाणाऱ्या कुटुंबाला उंच गाडी, चांगले टायर आणि फार तर ऑल व्हील ड्राइव्ह पुरे होते. लो रेंजचे पैसे वसूल होतात ते पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्यांचे, दगडी चढाच्या वाटा शोधणाऱ्यांचे. टायर गुळगुळीत असतील तर मात्र चारही चाकं एकाच वेळी घसरतात, एवढाच काय तो फरक.

धरणाचा गाळ आणि नारगोलची भरती

दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचा फुगवटा दुधनीपर्यंत येतो. पावसाळ्याअखेर पाणी काठोकाठ असतं, पुढे ते उतरत जातं. जानेवारी ते मे या काळात काठाची जमीन उघडी पडते. वरून ऊन खाऊन कोरडी, तडकलेली दिसते आणि गाडी पाण्याच्या जवळ न्यायचा मोह होतो. खाली चिकण गाळ असतो. पापुद्रा फुटला की गाडी पोटावर बसते, आणि पोटावर बसलेल्या गाडीला लो रेंज, लॉक यातलं काहीच उपयोगाचं नाही. मग गावातला ट्रॅक्टर. काठी रोवून पाहावी. सहज आत गेली तर गाडी मागेच ठेवावी.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर कोणत्याच मोसमात मुक्काम नको. पावसाळ्यात वर पाऊस झाला की दरवाजे उघडले जातात आणि इथे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं.

नारगोल, उंबरगाव, दमणच्या सपाट किनाऱ्यांची गोष्ट वेगळी. खंभातच्या आखाताजवळ असल्याने इथे भरती-ओहोटीत काही मीटरचा फरक पडतो. ओहोटीला दूर गेलेलं पाणी बघता बघता चाकाशी येतं. वाळूत चालवायचंच तर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवावी लागते आणि परत भरायला पंप सोबत हवा. त्याआधी तिथे गाडी उतरवायला बंदी आहे का, ते विचारावं. झोपायला मात्र गाडी भरतीच्या रेषेच्या वर, पक्क्या जमिनीवरच.

ओढ्यातल्या पाण्याबद्दल कंपन्या आकडे देतात, थारला ६५० मिलिमीटर, गुरखाला ७००. ते संथ पाण्याचे, तळ ठाऊक असतानाचे. शिवाय इंजिनात पाणी शिरलं तर साध्या विमा पॉलिसीत भरपाई सहसा मिळत नाही. 'इंजिन प्रोटेक्शन' वेगळं घ्यावं लागतं.

झोपायची जागा टेपने मोजावी

शोरूममध्ये जाताना मोजपट्टी न्यावी, विक्रेता हसला तरी. पुढची सीट पुढे सरकवून तिच्या पाठीपासून बंद मागच्या दरवाजापर्यंत लांबी घ्यावी. एकदा तळाशी आणि एकदा गादीच्या उंचीवर, कारण मागची काच तिरकी असते आणि वर चार-सहा इंच खाऊन टाकते. मग चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी. दोन मोठ्या माणसांना साडेतीन फूट तरी लागते. शेवटी आत मांडी घालून बसून डोकं टेकतंय का ते पाहावं.

डिकीचे लिटरचे आकडे इथे कामाचे नाहीत. सीट पडल्यावर तळ सपाट होतो की मधे पायरी राहते, हे महत्त्वाचं. फॉर्च्युनरची तिसरी रांग दोन्ही बाजूंना वर टांगली जाते आणि दुसरी पुढे कलंडते, त्यामुळे लांबी मिळते, रुंदी थोडी जाते. एक्सयूव्ही ७०० ची तिसरी रांग तळात बसते. जिम्नी चारच माणसांची आणि चार मीटरच्या आतली, पण तिच्या पुढच्या सीट डोक्याची उशी काढून पूर्ण मागे पाडल्या की मागच्या सीटला भिडतात. खाचा गोधडीने भरल्या तर दोघांची रात्र निघते. तीन दरवाजांची थार डोंगरात कितीही गुणी असली तरी पाय लांब करायला तिच्यात जागा नाही. व्ही-क्रॉसचा हौदा पाच फुटांच्या आसपास, म्हणजे मागचं फळकं उघडं ठेवून वर ताडपत्री किंवा कॅनोपी लागणारच.

पायरी राहत असेल तर प्लायवूडची फळी आणि खाली सामानाच्या पेट्या हा स्वस्त उपाय. फळी पट्ट्याने घट्ट बांधावी. जोरात ब्रेक लागला तर सुटी फळी थेट मानेवर येते.

मागचा दरवाजा आतून उघडतो का? बऱ्याच गाड्यांत आत मूठच नसते. थार, जिम्नी, गुरखा यांचा दरवाजा स्टेपनीसकट बाजूला उघडतो, वर उघडणाऱ्या दरवाजासारखं पावसात छप्पर मिळत नाही. निजण्याआधी चाइल्ड लॉक काढावं, किल्ली हाताशी ठेवावी आणि बाजूचा एक दरवाजा सामानाने अडवू नये.

इंजिन चालू ठेवून झोपू नये

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृत सापडले. जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हे कारण तपासात पुढे आलं. या वायूला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. एसीसाठी इंजिन चालू ठेवणं, बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल पेटवणं, तिन्हींत धोका तोच. सायलेन्सर गवतात किंवा बांधाला टेकलेला असेल तर आणखी वाढतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो गादीच्या आधी घ्यावा.

मार्च-एप्रिलमध्ये वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणंही वाईट. नुकत्याच थांबलेल्या गाडीचा एक्झॉस्ट, विशेषतः बीएस-सिक्स डिझेलचा, गवत पेटवण्याइतका तापलेला असू शकतो.

विजेवरच्या गाडीत धुराचा प्रश्नच नाही. टाटा हॅरियर ईव्हीची दोन मोटरची आवृत्ती चारही चाकं ओढते आणि रात्रभर एसी चालवूनही बॅटरी संपत नाही. चार्जर कुठे आहे तेवढं मात्र आधी हुडकून ठेवावं. बाकीच्यांनी काचा दोन बोटं उघड्या ठेवून त्यावर मच्छरदाणीची जाळी लावावी. काचा पूर्ण बंद केल्या तर श्वासाच्या वाफेने सकाळी आतून पाणी ठिबकतं. या हवेत नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या रात्री खऱ्या सुखाच्या.

सीमा ओलांडताना

दादरा आणि नगर हवेली हे दोन वेगळे तुकडे, मधे गुजरात. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ हे गुजरातचं गाव. दारूबंदी गुजरातेत आहे, इथे नाही. त्यामुळे सिल्वासात कायदेशीर घेतलेली बाटली दोन किलोमीटरवर गुन्हा ठरू शकते आणि गाडीही जप्त होऊ शकते. महाराष्ट्राच्या हद्दीतही उत्पादन शुल्क खातं परराज्यातली दारू पकडतं.

नगर हवेलीत अभयारण्य आहे, तिथे आणि राखीव वनात परवानगीशिवाय मुक्काम किंवा शेकोटी चालत नाही. पाड्याजवळ थांबायचं तर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलाला सांगावं. गाडीत झोपलेली अनोळखी माणसं पाहून गाव रात्री जमा होतं, ते साहजिकच आहे.

कर कमी पडतो म्हणून सिल्वासाचा पत्ता दाखवून गाडी घेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ वाचावं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही भरावा लागतो. लोखंडी बुलबारवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. म्हणून सीट कायमच्या काढून पलंग ठोकण्यापेक्षा उचलून ठेवता येणारी फळी बरी.

जुनी गाडी पाहणाऱ्यांना बाजारात जिप्सी आणि रेनॉ डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह अजून मिळतात. जिप्सीत लो रेंज आहे, डस्टरमध्ये नाही, पण निजायला डस्टर बरी. दोन्हींची चाचणी ओल्या कच्च्या चढावर घ्यावी आणि गाडी खालून तपासावी. दमण-उंबरगावकडे वापरलेल्या गाडीची चासी खाऱ्या हवेने गंजलेली निघू शकते.