आठवणीतले मूल कोणाला दिसते?

आपल्या पाच-सहा वर्षांच्या वयातली एखादी आठवण डोळ्यांपुढे आणून पाहा. पुष्कळांना त्या चित्रात एक लहान मूल दिसते. शेताच्या बांधावरून धावणारे, नाही तर शाळेच्या पायरीवर रडत बसलेले. ते मूल म्हणजे आपणच. पण मग पाहणारा कोण? त्या वेळी आपली पाठ आपल्याच डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते.

हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. १८९०च्या दशकात व्हिक्टर व कॅथरीन आंरी या दांपत्याने प्रश्नावली पाठवून लोकांच्या बालपणीच्या पहिल्या आठवणी गोळा केल्या. त्या वाचून व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९९ साली एक निबंध लिहिला. आठवणीत आपण स्वतःच बाहेरून दिसत असू, तर मूळ ठसा जसाच्या तसा उरलेला नाही, तो नंतर पुन्हा घडवला गेला आहे, असा त्यांचा तर्क होता. निबंधात त्यांनी एका ३८ वर्षांच्या गृहस्थाची आठवण दिली आहे: पिवळ्या फुलांचे कुरण, तीन मुले, त्यांतल्या मुलीच्या हातून हिसकावलेली फुले. ते गृहस्थ म्हणजे खुद्द फ्रॉइडच, हे १९४६ साली बर्नफेल्ड या अभ्यासकाने दाखवून दिले. स्वतःकडे परक्यासारखे पाहण्याविषयी लिहिताना लेखकाने स्वतःलाच परका करून टाकले! (आपल्याकडे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आपले बालपण लिहिले, तेही श्याम नावाच्या मुलाचे म्हणून. कारणे अर्थात वेगळी.)

हा सारा फोटोंचा परिणाम, असे कोणी म्हणेल. थोडा असेलही. पण ज्यांच्या घरी लहानपणी एकही फोटो निघाला नाही, त्यांनाही असे चित्र दिसू शकते. आई-आजीने दहा वेळा सांगितलेला प्रसंग आपण ऐकतो तो सांगणाऱ्याच्या जागेवरून, आणि मन त्याच जागेवरून चित्र काढते.

१९८३ साली जॉर्जिया निग्रो आणि उल्रिक नायसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. आठवण जितकी जुनी, तितकी ती बाहेरून दिसण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. मात्र अलीकडचे प्रसंगही बाहेरून दिसतात, विशेषतः चारचौघांत बोलायला उभे राहण्यासारखे, जिथे आपण कसे दिसतो याचे भान तीव्र असते. ‘तेव्हा काय वाटले ते आठवा’ असे सांगितले की माणसे बहुधा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. ‘काय घडले ते आठवा’ म्हटले की बाहेर जाऊन उभी राहतात. पुढे १९९३ साली रॉबिन्सन व स्वान्सन यांनी दाखवले की आतून दिसणारी आठवण मुद्दाम बाहेरून पाहिली, तर तिच्यातली भावना फिकी होते. तेव्हा फ्रॉइड यांचे निम्मे बरोबर. आठवण पुन्हा घडते हे खरे. पण पुन्हा घडलेली आठवण खोटीच असते, असे नाही.

शिरवण्यासारख्या गावी हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. खाडीकाठच्या या पट्ट्यातली भातखाचरे आणि मिठागरे गेली, सेक्टर आले. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज पासष्टीच्या पुढे आहे. बांध कुठे होता, भरतीचे पाणी कुठवर येई, हे दाखवायला आता जागाच उरलेली नाही. पडताळायला जुने नकाशे आणि सातबारा, बाकी सारे या माणसांच्या आठवणींत.

विद्यार्थी गावाचा इतिहास लिहायला आजोबांपुढे वही घेऊन बसतात, आणि आजोबा म्हणतात, ‘मी धावताना मला दिसतो.’ एवढ्यावरून ती नोंद खोडू नये. ‘हे तुम्ही पाहिलेत, की कोणी सांगितले?’ असे विचारावे, आणि उत्तर समासात लिहावे. मग, ‘पायाखाली काय लागत होते?’ असे विचारावे. चिखल, मिठाची खर, कापलेल्या भाताची खुंटे, जे सांगतील ते वेगळ्या रकान्यात. दुसऱ्या आजोबांकडे गेल्यावर पहिल्यांचे उत्तर आधी वाचून दाखवू नये.