राहाटीत कवळ तोडत नाहीत त्याचा परिणाम

घाटावर देवराई म्हणतात, आपल्या चिपळुणात देवरहाटी, बोलताना नुसती राहाटी. देवाच्या भीतीनं जंगल राहिलं असं सगळेच म्हणतात. पण भीतीनं कुऱ्हाड थांबली. आत कुठलं झाड वाढायचं ते गावच्या रीतीनं आणि जमिनीनं ठरवलं.

आपल्या वरकसातला ऐन-किंजळ बघा. दाढ भाजायला पिढ्यान्‌पिढ्या कवळ तोडलं, झाडं खुंटासारखी उभी. यांच्या बियांना पंख, वाऱ्यावर उडतात, उन्हात रुजतात, म्हणून मोकळ्या रानात टिकली. रातांबा, जांभूळ यांचं बी ओलं. पडलं की लवकर रुजलं पाहिजे, सुकलं की गेलं. कडक राहाटीत वाळका पालासुद्धा उचलत नाहीत, तिथं या बियांना ओल आणि सावली आयती मिळते. गारंबीसारखा जाडजूड वेलही तिथंच सापडायचा, कारण तो वर चढेपर्यंत कुणी तोडत नाही.

जमीन मात्र देवाचंही ऐकत नाही. पऱ्याकाठच्या राहाटीत बेहडा उंच जातो. कातळावर माती वीतभर, तिथं अंजनीची बुटकी दाटी. रीत तीच, रान वेगळं.

१९४९ च्या कायद्यानं खोती गेली. खाजगी रानं कोळशाच्या भट्ट्यांत गेली, सावर्डे भागात खैर कातासाठी तुटला. राहाटीला हात लागला नाही. बऱ्याच राहाट्या सातबाऱ्यावर सरकारच्या, पण झाड तोडायचं का नाही ते गुरव-मानकरी देवाला कौल लावून ठरवायचे. १९७० च्या दशकात डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी अशा राया हिंडून त्यावर लिहिलं, तेव्हा कुठं शिकलेल्या लोकांना त्याची किंमत कळली.

बऱ्याच ठिकाणी देवीला छप्पर चालत नाही अशी समजूत होती. पाषाण उघड्यावर, वर झाडांचंच छत. आता देऊळ, मग सभामंडप, मग गाडी जाईल असा रस्ता. देवळाला माझा विरोध नाही, मुंबईकर भावकी श्रद्धेनंच पैसे पाठवते. पण मंडपासाठी पाच-सहा जुनी झाडं पडली की ऊन थेट जमिनीवर येतं, ओल उडते आणि रानमोडी शिरते. रातांब्याचं बी पडतं, रुजत नाही. नंतर शोभेला गुलमोहर लावून ती सावली परत येत नाही.

मंडप हवाच असेल तर राहाटीच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला बांधा. आणि आतला पाला झाडू नका, शिमग्यालासुद्धा.