हिंगोलीचा हरीसिंग आणि गुन्हेगाराची वंशावळ

औंढा नागनाथाहून हिंगोली पंचवीसेक किलोमीटर. निजामाच्या काळात तिथं लष्करी छावणी होती आणि छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी. एकदा मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्यानं कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं. हरीसिंगानं त्याला बरोबरच्या माणसांसकट वाटेत मारलं आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत राजरोस विकला. ठग म्हणून पकडल्यावर त्यानंच सांगितलं, तेव्हा हे उजेडात आलं. मेडोज टेलरनं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या (1839) प्रस्तावनेत ही हकिगत दिली आहे, त्याचा स्वतःचाही हरीसिंगाशी व्यवहार होता. माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेले, पहाऱ्यापासून जेमतेम पाचशे यार्डांवरचे, प्रेतं पुरलेले खड्डे उकरताना टेलर हजर होता.

गुन्हेगार ओळखण्याचा साचा आपल्याकडे घडला तो इंग्रजांच्या या ठगविरोधी मोहिमेत. मोहीम चालवणाऱ्या विल्यम स्लीमननं साक्षीदारांकडून ठगांची बोली, शकुन, घराण्यांच्या वंशावळी उतरवून घेतल्या. यातलं बळ नाकारता येत नाही. बेपत्ता वाटसरूची फिर्यादच कुठं नव्हती. असे खून कबुलीमुळे पहिल्यांदा मोजले गेले, आणि सांगितल्या जागी हाडं निघाली की कबुली खरी ठरे.

जिथं उकरून बघितलं नाही, तिथं मात्र आकडे सुटले. बेहराम या ठगाच्या नावावर आजही 931 खून सांगतात. ते त्याच्या टोळ्यांच्या खात्यावरचे. स्वतःच्या हातानं सव्वाशेच्या आसपास, एवढंच तो म्हणाला होता. माफी हवी असलेला माणूस आकडा फुगवील किंवा दुसऱ्याचं नाव घेईल, हा धोका तेव्हाही होता.

खरा घात कायद्यानं केला. 1836च्या कायद्यानं ठगांच्या टोळीत असणं एवढंच जन्मठेपेला पुरेसं ठरलं. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पुढं जाऊन जमातीच्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. पेढीवर बसलेला हरीसिंग कुठल्याच साच्यात बसत नव्हता, पण पारध्यांची, कैकाड्यांची पोरं जन्मतःच बसवली गेली. सोलापुरात या जमातींची माणसं तारेच्या कुंपणात राहिली.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. तरी घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर येते, ही तक्रार मराठवाड्यात अजून ऐकू येते. बोटांचे ठसे, चोरीचा माल, त्या रात्री कोण कुठं होतं, हे आधी तपासा. पालावर जायला जात हे कारण होऊच शकत नाही.