सापाच्या पोटाखालची जमीन

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, नागपंचमीला जुनी माणसे औत धरत नसत. खणणे बंद, चिरणे बंद. कारण विचारले की घरातली म्हातारी माणसे म्हणायची, "नागोबाचं घर मोडतं, बाबा."

या समजुतीत निरीक्षण दडलेले आहे. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. त्या भेगांत आणि बांधावरच्या बिळांत साप ऊन टाळतो. सापाला बाहेरचे कान नाहीत. जमिनीची थरथर जबड्याच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचते. पोटाखालचे रुंद खवले खडबडीत जागेचा आधार घेतात, तेव्हा तो पुढे सरकतो. गुळगुळीत काचेवर तोच साप जागीच वळवळत राहतो.

माणसाने सापाला कोंडले तेव्हा नेमकी ही जमीन हिरावली गेली. गारुड्याने त्याला टोपली दिली. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात पंचमीआधी पकडलेले नाग मातीच्या मडक्यात राहत. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने या प्रथेवर बंदी घातली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळे घर उभे राहिले आणि साप काचेआडून पाहण्याची गोष्ट झाला. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशावरच्या लसीसाठी साप ठेवले गेले. पुण्यात नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये 72 विषारी सापांसह 72 तास एका खोलीत राहिले. पुढे 1986 मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले. लोकांची भीती तिथे पुष्कळ कमी झाली.

या अनुभवातून एक गोष्ट कळली. पिंजऱ्याचा तळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांना शोभणारा असून भागत नाही, तो प्राण्याच्या पोटाला मानवणारा हवा. बारीक वाळू देखणी दिसते, पण भक्ष्याबरोबर गिळली गेली तर आतडे तुंबते. देवदार वा चीडच्या लाकडाचा भुसा सुवासिक असतो. त्यातली तेले श्वासाला बाधतात. तळ सदैव ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. नारळाचा भुसा ओल धरून ठेवतो, म्हणून तो दमट जंगलातल्या प्राण्याला चांगला, कोरड्या मुलखातल्याला नव्हे. आजारी किंवा नव्या प्राण्याखाली तर जुने वर्तमानपत्रच उत्तम! विष्ठा आणि गोचिडी लगेच दिसतात, कागद बदलला की काम झाले. शोभाच हवी असेल तर एक सपाट दगड, झाडाची साल, लपायला अंधारा कोपरा ठेवावा. ही शोभा प्राण्याच्याही कामाची असते.

मात्र हौस करण्याआधी कायदा आठवावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, घोरपड किंवा पाठीवर चांदण्या असलेले आपले कासव घरी पाळणे गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय करारातल्या सूचींत असलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते.

तेव्हा आपल्या धामणीसाठी तळ निवडण्याचा प्रश्न उरत नाही. तो तिने कधीच निवडला आहे: आपल्या शेताचा बांध. पूर्वजांनी तो वर्षातून एक दिवस न मोडण्याचे ठरवले होते. आता आपण बांधच कोरून शेतात घेतो, धुऱ्यावरचे गवत पेटवतो आणि मग घरात साप निघाला म्हणून काठी शोधतो. ती काठी हातात घेण्यापूर्वी धुऱ्याकडे एकदा पाहावे, एवढेच सांगणे.